चमचे मोजले, कील राहिली

तुमच्या पोस्टमधलं ‘डायव्हरने फोनवर फोटो दाखवला आणि आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो’ हे वाक्य वाचलं आणि माझ्या पोटात तोच जुना गोळा आला. ग्रीसच्या आयोनियन समुद्रात आठवडाभर भाड्याची चाळीस फुटी शिडाची बोट, अडीच हजार युरो डिपॉझिट, शुक्रवारी संध्याकाळी चेकआउटला कीलच्या, म्हणजे बोटीच्या तळाखालच्या जड पात्याच्या, पुढच्या कडेवर तळहाताएवढी खाच, शनिवारी सकाळचं विमान, आणि मग काय, नुकसानीच्या कागदावर सही. बोट आणि आकडा सोडला तर ही माझीच गोष्ट आहे. वर तुम्ही विचारलंय की डिपॉझिट परत मिळेल का आणि पुढच्या वर्षी काय वेगळं करू. दोन्हीचं उत्तर देतो, पण आधी माझं रडगाणं ऐकावं लागेल.

लायसन्स, व्हीएचएफ रेडिओचं सर्टिफिकेट, ग्रीसमध्ये स्किपरसोबत (बोटीच्या कप्तानासोबत) लागणारा दुसरा अनुभवी माणूस, यावर इथे भरपूर लिहून झालंय. ते सोडून देतो.

२०१८चा सप्टेंबर. मी श्टुटगार्टला राहतो. एसकेएसची, म्हणजे किनाऱ्याजवळच्या समुद्रात बोट चालवायच्या जर्मन लायसन्सची, परीक्षा देऊन, तीनशे मैलांची अट दुसऱ्यांच्या बोटींवर खलाशीगिरी करत पुरी करून, पहिल्यांदाच स्वतः तांडेल म्हणून निघालो होतो. सोबत बायको, मेहुणा, त्याची बायको आणि दोन मुलं. ग्रीसच्या लेफ्कादा बेटावरचा एक चार्टर बेस, म्हणजे बोटी भाड्याने देणाऱ्या कंपनीचा तळ. शनिवारी संध्याकाळी साडेपाचला बोट ताब्यात द्यायला एक तरुण मुलगा आला. त्याच्याकडे त्या संध्याकाळी अजून चार बोटी होत्या आणि ते त्याच्या चालीवरूनच कळत होतं.

मी मात्र तयारीत. छापून आणलेली यादी, क्लिपबोर्ड, पेन. लाइफजॅकेटं मोजली, फेंडर (बोटीच्या कडेला टांगायचे फुगे) मोजले, शिडं उघडून पाहिली, टॉयलेटचे व्हॉल्व्ह फिरवले, नांगराची साखळी किती मीटर ते विचारलं, ताटल्या मोजल्या, चमचे मोजले. सोळा चमचे. यादीत सोळा, ड्रॉवरमध्ये पंधरा, एक सिंकखाली सापडला तेव्हा केवढा आनंद झाला होता! त्या पोराने शेवटी एक कागद पुढे केला, त्यात एक ओळ होती की बोटीचा पाण्याखालचा भाग सुस्थितीत आहे. मी विचारलं, हे कोणी पाहिलं? तो म्हणाला, आमचा डायव्हर सकाळीच बघून गेला. मी सही केली.

बस, एवढीच चूक. बाकी सगळा आठवडा झकास गेला. मेगानिसी, इथाकाचं किओनी, केफालोनियाचं फिस्कार्दो. दुपारी वायव्येचा वारा नियमाने यायचा, संध्याकाळी पडायचा. मेहुण्याच्या बायकोने किओनीच्या खाडीत कुकर लावला आणि शिट्टीने शेजारची जर्मन बोट दचकून डेकवर आली, हा आमच्या घरातला कायमचा किस्सा झालाय.

शुक्रवारी परत आलो. डायव्हर उतरला, दहा मिनिटांत वर आला, फोटो. ऑफिसमध्ये टेबलामागच्या माणसाने शांतपणे सांगितलं की सही करा म्हणजे उरलेले पैसे मोकळे करतो, नाहीतर पूर्ण रक्कम चौकशी होईपर्यंत राहील. सकाळी जवळच्या प्रेवेझा विमानतळावरून विमान. मुलं रडकुंडीला आलेली. माझं डिपॉझिट दोन हजार होतं, त्यातले साडेतेराशे कापले. बोट क्रेनने बाहेर काढणं, दुरुस्ती, बोट उभी राहिल्याचं नुकसान. तपशीलवार बिल मागितलं तर नंतर मेलवर एका ओळीचं आलं. आणि मजा म्हणजे शनिवारी सकाळी आम्ही टॅक्सीत सामान टाकत होतो तेव्हा त्याच बोटीवर दुसरं कुटुंब किराण्याचे खोके चढवत होतं. बोट उभी राहिल्याचं नुकसान म्हणे!

(न्याय म्हणून सांगतो, किरकोळ खाच असेल तर बरेच जण दुरुस्ती हंगाम संपल्यावर करतात आणि त्यात लबाडी असतेच असं नाही. पण मग ‘उभी राहिल्याचे’ पैसे कशाचे?)

आता खरा वैताग. मी डिपॉझिटचा वेगळा विमा काढला होता. इथे जर्मनीत तो सर्रास काढतात. म्हटलं, जाऊ दे, विमावाले देतील. त्यांचा फॉर्म आला. घटनेची तारीख, वेळ, ठिकाण, वाऱ्याचा जोर, स्किपरने काय केलं. मी प्रामाणिकपणे लिहिलं की आम्हाला काही लागल्याचं जाणवलं नाही, बहुधा खाच आधीचीच असावी. तीन आठवड्यांनी उत्तर: आपल्याच म्हणण्यानुसार पॉलिसीच्या काळात अपघात झालेला नाही, सबब दावा नामंजूर. मी फोन केला. म्हटलं, मग बेसने पैसे कापले त्याचं काय? बाई म्हणाल्या, नुकसान तुमच्याकडून झालं नसेल तर तुम्ही पैसे द्यायलाच नको होते. म्हटलं, पण कागदावर सही आहे. त्या म्हणाल्या, मग तुमच्याकडून झालं असं तुम्हाला म्हणायचं आहे का? तसं असेल तर नवा फॉर्म भरा, पण पहिल्या फॉर्ममध्ये तुम्ही वेगळं लिहिलंय हे लक्षात घ्यावं लागेल. मी फोन ठेवला आणि घरात तासभर कोणाशी बोललो नाही. बेसचा तेवढा राग आला नव्हता.

तो फोटो मी नंतर घरी मोठ्या स्क्रीनवर उघडला. हे तुम्ही आजच करा. बहुतेक चार्टर बोटींची कील बिडाची, म्हणजे कास्ट आयर्नची असते. ताजी खाच असेल तर आतलं लोखंड करडं, चकचकीत दिसतं आणि रंगाच्या कडा धारदार असतात. खाऱ्या पाण्यात काही दिवसांत त्यावर नारिंगी गंज चढतो. अजून जुनी असेल तर खाचेच्या आत हिरवट बुळबुळीत थर धरतो, कधी पांढरे टणक फोडही. माझ्या फोटोत खाचेच्या खालच्या अर्ध्या भागात शेवाळ होतं. सहा-सात दिवसांत तेवढं शेवाळ धरत नसावं असं माझं मत. मी काही तज्ज्ञ नाही, आणि फोटोतल्या रंगावर किती विश्वास ठेवायचा हाही प्रश्नच. पण ते शुक्रवारी संध्याकाळी त्या टेबलासमोर बघितलं असतं तर निदान भांडलो तरी असतो.

एक कबुलीही देऊन टाकतो. बुधवारी एका उथळ खाडीत मेहुणा म्हणाला होता, ‘काही घासलं का रे?’ मी म्हटलं, साखळी असेल. साखळीच असणार. पण पहिल्या दिवशी मी खाली पाहिलंच नव्हतं, त्यामुळे आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. साडेतेराशेपेक्षा हे जास्त टोचतं.

तुमच्या हातात आत्ता काय आहे: बेसकडून मूळ फोटो मागा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली बारीक कॉपी नको, तारीख-वेळेसकटची मूळ फाइल. त्यांच्या डायव्हरने तुमच्या आधी घेतलेला फोटोही मागा. ‘सकाळीच बघून गेला’ तर त्याच्याकडे काहीतरी असायला हवं, आणि नसेल तर तसं त्यांच्याकडून लेखी घ्या. दुरुस्तीचं बिल मागा. बोटीवर एआयएस (बोटीची जागा रेडिओवरून कळवणारं यंत्र) असेल तर तुमच्यानंतरच्या आठवड्यात ती कुठे फिरत होती ते मरीनट्रॅफिक या वेबसाइटवर दिसू शकतं, ‘क्रेनने काढली’ म्हणत असतील तर त्याला उपयोगी. बुकिंग एजंटमार्फत असेल तर त्यालाही मध्ये घाला, त्याला पुढच्या वर्षीही तुम्ही गिऱ्हाईक म्हणून हवे असता. तुम्ही नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला राहता, म्हणजे युरोपियन कन्झ्युमर सेंटरकडे जाता येईल. युरोपियन युनियनमधल्या दुसऱ्या देशातल्या कंपनीविरुद्धच्या तक्रारीत ते फुकट मदत करतात. मला हे तेव्हा माहीतच नव्हतं. कार्डवरून चार्जबॅक (बँकेमार्फत पैसे परत) होतो का ते बँकेला विचारा, पण सही केलेला कागद आड येईल अशी मनाची तयारी ठेवा. मी वकील नाही, करार नीट वाचून मगच काय ते करा.

आणि डिपॉझिटचा विमा असेल तर फॉर्म भरण्याआधी दोनदा विचार करा. खोटं लिहा असं मी अजिबात म्हणत नाही. पण ‘आमच्याकडून झालेलं नाही’ एवढंच लिहून पाठवलं की दार बंद होतं हे मी भोगलंय. जे माहीत आहे ते लिहा, जे माहीत नाही ते ‘माहीत नाही’ म्हणून लिहा, अंदाज लिहू नका. माझं ‘बहुधा आधीचीच असावी’ हे वाक्य साडेतेराशे युरोंना पडलं.

पुढच्या वर्षीसाठी: मास्क आणि पाण्याखाली चालणारा कॅमेरा. झालं. बेसवर पाणी गढूळ असतं, मरीनामध्ये डुबकी मारायला बहुधा बंदीच असते, आणि इतक्या बोटी, प्रोपेलर, धक्क्यावरून बोटींना वीज देणाऱ्या वायरी असताना मारूही नये. म्हणून चेकइनच्या कागदावर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा की पाण्याखालचा भाग आम्ही पाहिलेला नाही, पहिल्या स्वच्छ खाडीत पाहून कळवू. कोणी तोंड वाकडं केलं तर करू द्या. करारात तक्रारीची मुदत दिलेली असते, ती आधीच बघून ठेवा.

२०१९ला अथेन्सच्या अलिमोसहून निघालो तेव्हा हेच केलं. रविवारी दुपारी एजिनाजवळ मोनी नावाचं छोटं बेट आहे, काचेसारखं पाणी, तिथे नांगर टाकला. इंजिन बंद, किल्ली माझ्या खिशात, आणि मी खाली. कीलची पुढची कड, तळ, मागचा कोपरा, मग प्रोपेलर, सेलड्राइव्ह (इंजिनापासून प्रोपेलरपर्यंत खाली गेलेला पाय), सुकाणूचं पातं. पात्याच्या खालच्या टोकाला जुना टवका निघालेला सापडला. चार फोटो आणि एक छोटा व्हिडिओ लगेच बेसला पाठवला. उत्तर म्हणून नुसता अंगठ्याचा इमोजी आला. शुक्रवारी डायव्हर वर येऊन ‘रडर’ (सुकाणू) म्हणाला, मी फोन काढून तो अंगठा दाखवला. विषय संपला.

कीलचा मागचा कोपरा मुद्दाम लिहिलाय. बोट वेगात खडकाला लागली की पुढे धक्का बसतो आणि कीलचं मागचं टोक बोटीच्या तळात वर दाबलं जातं. त्यामुळे आत फळ्या उचलून कीलच्या बोल्टांभोवती भेगा, ओल, गंजाचे ओघळ दिसतात का तेही बघा. हे पैशांसाठी नाही. आधीच्या कोणीतरी जोरात आपटलेली बोट तुमच्या हातात असेल तर मुलांना घेऊन निघण्याआधी ते कळलेलं बरं.

अजून एक, कारण तुम्ही लिहिलंय की डेप्थ साउंडर (पाण्याची खोली दाखवणारं यंत्र) ‘कायम दोन मीटरच्या वर होता, मग लागली कशी?’ दोन मीटर कुठून? काही बोटींवर तो आकडा पाण्याच्या पृष्ठभागापासून असतो, काहींवर सेन्सरपासून, काहींवर कीलच्या खालून. समजा बोट पाण्यात २.१ मीटर बसते आणि सेन्सर अर्धा मीटर खोल आहे. आकडा सेन्सरपासून असेल तर ‘२.०’ म्हणजे कीलखाली फक्त ४० सेंटीमीटर. पृष्ठभागापासून असेल तर तुम्ही आधीच रुतलेले! बेसवर विचारलं तर तिघे तीन उत्तरं देतात. मी धक्क्यालाच दोरीला एक जड शॅकल (लोखंडी कडी) बांधून सेन्सरच्या बाजूला सोडतो, ओल्या दोरीची लांबी मोजतो आणि आकड्याशी ताडून बघतो. पाच मिनिटांचं काम आहे. शेजारचे हसतात, हसू दे.

‘कॅटमरान घ्या म्हणजे कीलची भानगड नाही’ असा सल्ला वर एकाने दिलाय. कॅटमरान म्हणजे दोन सांगाडे जोडलेली बोट, तिलाही छोट्या का होईना दोन कील असतात, दोन सुकाणू असतात, दोन सेलड्राइव्ह. खाली बघायच्या गोष्टी दुप्पट. आणि डिपॉझिटही बहुधा जास्तच.

तर आधी तो फोटो मोठा करून बघा. खाचेच्या आतला रंग काय आहे, करडा, नारिंगी की हिरवा, ते इथे सांगा. जमलं तर बोटीचं नाव आणि नंबर झाकून फोटोच टाका, इथे दोघंतिघं कील रंगवून हात काळे केलेले आहेत, ते माझ्यापेक्षा नीट सांगतील.