पत्रात रिअ‍ॅक्टर तीन पानं, मुलगी एक ओळ

इचलकरंजीहून एका वडिलांचं पत्र आलंय. ते आपल्या वर्कशॉपमध्ये अ‍ॅल्युमिनाच्या नळीत निकेलची भुकटी आणि लिथियम अ‍ॅल्युमिनियम हायड्राइड भरून तापवतात. ३०० वॅट वीज दिली की ९०० वॅट उष्णता मिळते, हे ‘कोल्ड फ्यूजन’ आहे, म्हणजे सूर्यासारख्या प्रचंड तापमानाशिवाय अणुकेंद्रं जुळतात, असा त्यांचा दावा. ‘मुलगी बारावीत, ७८ टक्के. तिने न्यूक्लिअर फिजिक्स घेऊन हे जगासमोर सिद्ध करावं. सध्या केमिस्ट्रीत रमते, पण वळवता येईल. रविवारी रीडिंग घ्यायला माझ्यासोबत असते. कोणत्या परीक्षा द्याव्यात?’

‘वळवता येईल’ खटकलं. अख्ख्या पत्रात मुलीबद्दल जे काही आहे त्यात तिची आवड हीच अडचण म्हणून आलीय. ७८ टक्क्यांची मला काळजी नाही. काळजी याची आहे की तुमचा दावा खरा ठरवायचं ओझं तुम्ही सतरा वर्षांच्या पोरीच्या पाठीवर ठेवताय. तो खरा की खोटा हे कळायला तिच्या पीएचडीपर्यंत दहा वर्षं थांबायला नको, दोन रविवार पुरतात.

त्याआधी, तिला त्या नळीजवळ उभं करणं आजच थांबवा. ०.१ ग्रॅम हायड्राइडमधून सुटलेला हायड्रोजन दोन मिलिलिटरच्या बंद जागेत हजार अंशांवर गेला, तर हिशेबाने दाब १०० वातावरणांच्या वर जातो. सिमेंटने बंद केलेली सिरॅमिक नळी तेव्हा गळत नाही, फुटते. उरलेल्या भुकटीला पाणी लागलं तर आग.

‘बीएआरसीने १९८९ मध्ये करून दाखवलं होतं, मग दाबलं,’ असं तुम्ही लिहिता. हा गैरसमज फार पसरलाय. त्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकेतल्या युटात फ्लाइशमन आणि पॉन्स या शास्त्रज्ञांनी कोल्ड फ्यूजन साधल्याची घोषणा केली. पाठोपाठ ट्रॉम्बेत पी. के. अय्यंगार संचालक असताना अनेक गटांनी प्रयोग केले आणि न्यूट्रॉन, ट्रिटियम या अणुप्रक्रियेच्या खुणा दिसल्याचा अहवाल छापला. दाबायचं असतं तर छापला कशाला असता? पुढे गूगलने एका गटाला हे तपासायला पैसे दिले. २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये त्या गटाने लिहिलं की पुरावा सापडला नाही. त्यानंतरही अमेरिकी सरकारने संशोधनाला निधी दिला. अडलं ते एवढ्यावरच, की दुसऱ्याच्या हातून तोच आकडा पुन्हा येत नाही. शिवाय नुसती उष्णता म्हणजे अणुप्रक्रिया नव्हे. ड्युटेरियमच्या (जड हायड्रोजनच्या) नेहमीच्या फ्यूजनमधून एक वॅट मिळाला तर सेकंदाला जवळपास एक लाख कोटी न्यूट्रॉन सुटायला हवेत. ‘आमची प्रक्रिया वेगळी, तिच्यात न्यूट्रॉन नसतात’ म्हणायचं असेल, तर राखेत, म्हणजे उरलेल्या इंधनात, काय बनलं ते दाखवावं लागतं.

आणि गंमत बघा, फ्लाइशमन आणि पॉन्स दोघेही इलेक्ट्रोकेमिस्ट, म्हणजे विजेने होणाऱ्या रासायनिक क्रियांचे अभ्यासक. त्यांच्या सेलवरचा वादही बराचसा रसायनाचाच: जड पाण्यात वीज सोडून त्याचं विघटन करणाऱ्या उघड्या सेलमध्ये वायू निघून जातात असं धरून, विघटनाला लागलेले १.५४ व्होल्ट व्होल्टेजमधून वजा करतात. ते वायू आतच पुन्हा जुळले, तर अर्ध्या अँपिअरला पाऊण वॅट ‘जादा’ दिसतो. म्हणजे तुम्ही तिला जिथून हाकलताय तिथेच हा प्रश्न राहतो. मूलभूत विज्ञानाच्या प्रवेशासाठी नेस्ट आणि आयआयएसईआर संस्थांची आयएटी या परीक्षा द्याव्यात, एमएचटी-सीईटीही. तमिळनाडूत कारैकुडीच्या सीईसीआरआय या इलेक्ट्रोकेमिस्ट्रीच्या संशोधन संस्थेत केमिकल अँड इलेक्ट्रोकेमिकल इंजिनिअरिंगचं बीटेक आहे, तेही तिला दाखवा. यातलं काय घ्यायचं ते ती ठरवेल.

तुमचे दोन रविवार असे. नवी नळी घ्या, आत नुसती अ‍ॅल्युमिना पावडर, टोकं उघडी. गुंडाळलेली तार तीच, डिमर तोच, तापमानाची गनही तीच. डिमरने कापलेल्या लहरीवर साधा क्लॅम्पमीटर कमी अँपिअर दाखवतो, म्हणून घरातलं बाकी सगळं बंद करून वीजमीटरच्या दिव्याचे ब्लिंक मोजा. मीटरवर ३२०० ब्लिंकला एक युनिट लिहिलं असेल, तर ३०० वॅटला मिनिटाला १६ पडतील. गनमध्ये तुम्ही एमिसिव्हिटी, म्हणजे पृष्ठभाग किती उष्णता किरणांतून सोडतो तो आकडा, ०.४ ठेवलीय; अशाच नळीच्या लुगानोतल्या (स्वित्झर्लंड) २०१४च्या गाजलेल्या चाचणीतही तशीच होती. गन ज्या इन्फ्रारेड पट्ट्यात बघते तिथे अ‍ॅल्युमिनाची ०.९च्या आसपास असते, त्यामुळे आठशे अंशांची नळी बाराशेच्या पुढे दिसते, आणि वॅट काढताना तापमानाचा चौथा घात येतो. पहिल्या रविवारी सेटिंग तशीच ठेवा. दुसऱ्या रविवारी नळीच्या मध्यावर के-टाइप थर्मोकपल (स्पर्शाने तापमान मोजणारी तार) बांधून तेच पुन्हा करा. इंधन नसलेली नळीही पहिल्या रविवारी ९०० वॅट देऊ लागली, तर ते वॅट तुमच्या गनमधले होते.