गायागुमसाठी पहिली रचना करण्यापूर्वी

गायागुम या कोरियन तंतुवाद्यासाठी रचना करण्याचा तुमचा मानस कळल्यावर मनापासून आनंद झाला. मात्र कागदावर एकही स्वर उतरवण्यापूर्वी कोरियन संगीतकार आणि गायागुमवादक ह्वांग ब्योंग-की (१९३६–२०१८) यांच्या रचना काही आठवडे केवळ ऐकाव्यात, असे मी आग्रहाने सुचवेन. या पारंपरिक वाद्याला १२ रेशमी तारा असतात. उजवा हात त्या छेडतो, तर डावा हात घोड्यांच्या (तारा उचलून धरणाऱ्या आधारांच्या) पलीकडे तार दाबून स्वराला कंप देतो, चढवतो किंवा वाकवतो. आपल्या संगीतातील मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे) आणि आंदोलन (स्वराला दिलेला संथ झोका) ओळखणाऱ्या कानाला ही क्रिया लवकर उमगते. म्हणूनच पियानोसारखे दाट स्वरसमूह लिहिण्याचा मोह टाळावा, कारण डावा हातही छेडण्यात गुंतला की स्वराला वळण देणारे कोणी उरत नाही, आणि माझ्या मते या वाद्याचा प्राण तिथेच आहे. २५ तारांच्या आधुनिक वाद्यावर तसे लेखन शक्य असले, तरी सुरुवात तिथून करू नये.

ह्वांग यांची १९७५ ची ‘मिगुंग’ ही रचना, जिच्यात तारांवर व्हायोलिनसारखा गज फिरतो आणि गायिका हसते, रडते, ती नंतर ऐकावी. तेवढे धाडस करण्यापूर्वी त्यांनी १९५१ पासून, कोरियन युद्धाच्या काळात दक्षिण कोरियातील बुसान शहरामध्ये, परंपरेचे शिक्षण घ्यायला सुरुवात केली होती.