12 क्रेडिट घेऊनही मुलाची पेल ग्रँट कमी का आली?

तुम्ही लिहिलंय की मुलगा कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे, या सेमिस्टरला चार कोर्स म्हणजे बरोबर 12 क्रेडिट घेतलेत, तरी कॉलेजने 9 च धरून पेल ग्रँट, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना अमेरिकी सरकारकडून मिळणारी, परत न करायची मदत, कापली. चौथा कोर्स फोटोग्राफीचा आहे आणि आता तो ड्रॉप करावा का, असं विचारताय. कॉलेजचा हिशोब बहुधा बरोबर आहे. पैसे फोटोग्राफीने खाल्लेत. पण घाईघाईने ड्रॉप करू नका, ते पुढे सांगते.

मी इथे अमेरिकेत एका कम्युनिटी कॉलेजच्या फायनान्शियल एड (आर्थिक मदत) ऑफिसात काम करते. सेमिस्टर सुरू झालं की हाच प्रश्न घेऊन रोज कुणीतरी येतं. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, मदतीसाठी फक्त डिग्रीला लागणारे कोर्स धरतात. टाइमटेबलवर पाच कोर्स दिसले आणि त्यातले तीनच डिग्रीच्या कुठल्यातरी खान्यात बसत असले, तर आमच्यासाठी ते तीनच.

पूर्वी पेलमध्ये फुलटाइम, पाऊण, अर्धा असे टप्पे होते. 2024-25 पासून सरळ टक्केवारी आहे: धरलेले क्रेडिट भागिले 12. म्हणजे 9 ला 75 टक्के, 11 ला 92. 12 च्या वर कितीही घेतले तरी 100 च. 2025-26 ची कमाल पेल 7,395 डॉलर आहे, म्हणजे सेमिस्टरला साधारण 3,697. मुलाला कमाल मिळत असेल, तर एका फोटोग्राफीपायी 924 डॉलर गेले. कॅमेरा वेगळाच!

आता तो कोर्स खान्यात का बसला नाही? बऱ्याच डिग्रींत फ्री इलेक्टिव्हची, म्हणजे आवडीच्या कुठल्याही कोर्सची, थोडी जागा असते, तिथे फोटोग्राफी सहज चालते. पण आपली बरीच मुलं हायस्कूलमधून एपीचे (शाळेतच घेतलेल्या कॉलेजच्या पातळीच्या कोर्सचे) ढीगभर क्रेडिट घेऊन येतात आणि मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला, न लागणारे क्रेडिट याच जागेत जाऊन बसतात. आईबापांना कौतुक वाटतं, मलाही वाटतं, पण तिसऱ्या वर्षापर्यंत ती जागा भरलेली असते. मुलाला त्याचं डिग्री ऑडिट, म्हणजे कुठला कोर्स डिग्रीच्या कुठल्या अटीत बसला ते दाखवणारा कॉलेजचा तक्ता, उघडायला सांगा. अगदी खाली एक वेगळा भाग असतो, कुठेच न बसलेले कोर्स तिथे पडतात. फोटोग्राफी तिथे दिसली तर उत्तर मिळालं.

मग अ‍ॅडव्हायझरला एकच प्रश्न विचारायचा: जनरल एज्युकेशनमधली (सगळ्यांना सक्तीच्या सामान्य विषयांमधली) कलेची अट अजून बाकी असेल, तर हा कोर्स तिथे टाकता येईल का? कधीकधी तिथे दुसराच कोर्स बसलेला असतो आणि अदलाबदल करता येते. मायनर (जोडीचा दुय्यम विषय) करतोय हे कारण सहसा पुरत नाही, कारण डिग्रीसाठी मायनर सक्तीचा नसेल तर त्याचे जादा कोर्स मोजत नाहीत.

ड्रॉपचं म्हणाल, तर अ‍ॅड-ड्रॉपची (कोर्स बदलण्याची) मुदत उरली असेल तर फोटोग्राफी काढून डिग्रीला लागणारा कोर्स घ्या आणि तो धरला का, हे एड ऑफिसातून विचारून घ्या. मुदत संपली असेल तर कोर्स राहू दे. ड्रॉप करून गेलेले पैसे परत येत नाहीत, उलट ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) डब्ल्यू, म्हणजे कोर्स मध्येच सोडल्याचा शेरा, लागतो. शिवाय रजिस्ट्रारच्या दप्तरी तो आजही 12 क्रेडिटचा फुलटाइम विद्यार्थी आहे, तेही जाईल. कॉलेजची स्वतःची स्कॉलरशिप असेल तर ती बऱ्याचदा यावरच टिकून असते.

डब्ल्यूला मुलं फार हलक्यात घेतात. ग्रेडच्या सरासरीत तो येत नाही हे खरं, पण मदत चालू राहायला घेतलेल्या क्रेडिटपैकी साधारण 67 टक्के पूर्ण व्हावे लागतात आणि तिथे डब्ल्यू म्हणजे घेतला पण पूर्ण केला नाही. 24 घेऊन 15 पूर्ण केले की 62.5 टक्के, आणि इशाऱ्याचं पत्र दारात. वर कमाल मर्यादाही आहे: 120 क्रेडिटची डिग्री असेल तर 180 क्रेडिट घेईपर्यंतच मदत. दोनदा मेजर बदलणारी मुलं इथे अडकतात.

रिपीटचा, म्हणजे तोच कोर्स पुन्हा घेण्याचा, नियम मला स्वतःला भोवलाय, तेव्हा मी इथे नोकरीला नव्हते, विद्यार्थिनी होते. स्टॅटिस्टिक्समध्ये डी आला. परत घेतला, सी आला. दुसऱ्या कॉलेजात ट्रान्सफरसाठी बी हवा म्हणून तिसऱ्यांदा घेतला आणि माझे 12 चे 9 झाले. फेडरल नियमाच्या लेखी डी म्हणजे पास, आणि पास झालेला कोर्स पुन्हा घेतला तर एकदाच धरतात. नापास झाला असता तर तिसऱ्यांदाही धरला असता! त्या दिवशी मी पार्किंगमध्ये गाडीत बसून कॅल्क्युलेटरवर तीच वजाबाकी चारदा केली होती.

फेडरल कर्ज मात्र यामुळे बंद होणार नाही. त्याला निदान 6 क्रेडिट लागतात, ते त्याच्याकडे आहेत. चौथ्या वर्षाचं शेवटचं सेमिस्टर जपा. तिथे डिग्रीला दोनच कोर्स उरलेले असतात आणि मुलं 12 भरायला काहीही घेतात. पेल मिळते 6 चीच, फी भरावी लागते 12 ची. त्यामुळे तिसऱ्या वर्षीच अ‍ॅडव्हायझरसोबत बसून उरलेले कोर्स सेमिस्टरांत वाटून घ्या, शेवटाला चार खरे कोर्स उरतील असे.