काटोलकडच्या वावरात ससे संत्र्याची कलमं कुरतडतात. पहिली एअर रायफल कोणती घेऊ?

तुम्ही विचारलंय की नव्या लावलेल्या संत्र्याची कलमं ससे रात्रीतून छाटून टाकतात, तर पहिली एअर रायफल .१७७ इंच नळीची घ्यावी की .२२, आणि स्प्रिंगची की पीसीपी, म्हणजे आधी दाबाने हवा भरून ठेवायची. रायफलीचं सांगतो, पण ती सशावर चालवायची नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आपल्याकडच्या सशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. सातबारा तुमच्या नावावर असला तरी काही फरक पडत नाही. गोळी घालणं, फासे लावणं, इतकंच काय, नेम धरून चुकणंही कायद्याच्या भाषेत शिकारच. एअर रायफलीला लायसन लागत नाही म्हणजे तिने काहीही मारलेलं चालतं, अशी समजूत आपल्याकडे भरपूर आहे. रायफल घरात ठेवायला आडकाठी नाही, एवढाच त्याचा अर्थ. पिकाची नासाडी करणाऱ्या प्राण्यासाठी याच कायद्याच्या कलम ११ खाली लेखी परवानगी मिळू शकते, आणि महाराष्ट्रात ती रोही (नीलगाय) आणि रानडुकरासाठी दिली गेली आहे. सशासाठी कुणी आरएफओकडे, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे, अर्ज केल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

तुम्ही पाहिलेले व्हिडिओ बहुधा इंग्लंडचे असणार. तिथला प्राणीच वेगळा. तो बिळं करून टोळीने राहतो, आणि १९५४ च्या कायद्यानुसार त्याला आवरायची जबाबदारी जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावरच असते. तिथे १२ फूट-पाउंडापर्यंतची, म्हणजे साधारण १६ ज्यूल ताकदीची रायफल लायसनशिवाय चालते. म्हणून ते लोक .२२ घेतात आणि जवळ जाऊन डोक्याचा नेम धरतात. आपला ससा, तो मानेमागे काळा डाग असलेला, बीळ करत नाही. दिवसा गवतात दबून पडतो आणि रात्री एकटा-दुकटा चरायला निघतो. तिकडचा हिशेब इकडे लागू होत नाही.

कलमं खरंच ससाच खातोय का, हे आधी पाहून घ्या. सशाने तोडलेली काडी तिरपी आणि स्वच्छ असते, सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) छाटल्यागत. जवळपास गोल, थोड्या चपट्या, कोरड्या लेंड्या पडलेल्या दिसतात. रोही किंवा हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे ते ओढून तोडतात आणि टोकाला चिंध्या राहतात. बुडाशी साल खरवडलेली आणि बारीक दातांच्या खुणा असतील तर उंदीर-घुशीवर संशय घ्या. आणि दीड-दोन फुटांच्या वरचा शेंडा खाल्लेला असेल तर सशाला उगीच दोष देऊ नका.

ससाच असेल तर उपाय रायफलीपेक्षा स्वस्त आहे. प्रत्येक कलमाभोवती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी, दोन फूट उंच, गोल वळवून उभी करायची. भोकं इंच-सव्वा इंचाहून मोठी नकोत. खालचा भाग वीतभर बाहेरच्या बाजूला दुमडून मातीखाली दाबा आणि दोन बांबूच्या काड्यांना तारेने बांधा. जाळी खोडाला चिकटवू नका, नाहीतर ससा भोकातून तोंड लावतोच. खोड जाड होऊन साल टणक झाली की जाळी काढून पुढच्या लावणीला वापरता येते. धुऱ्यावरचं वाढलेलं गवत कापलं तर त्याची दिवसा लपायची जागाही जाते. सोलर झटका मशीन रोह्यासाठी ठीक आहे, पण ससा खालच्या तारेखालून सहज निघून जातो. खांबावरून आकडा टाकून तारेत थेट करंट सोडायचा विचार तर मनातही आणू नका. त्यात गडीमाणसं मरतात.

आता रायफल. निशाणेबाजीची हौस असेल तर जरूर घ्या, मलाही आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे कॅलिबर .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि ताकद २० ज्यूलपर्यंत असेल तर लायसन लागत नाही. .२२ ला लागतं, त्यामुळे तुमचा पहिला प्रश्न इथेच निकालात निघतो. डब्यावरच्या वेगाला भुलू नका. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटरने सुटला की १० ज्यूल होतात, २८० ला जवळपास २०. सेकंदाला '१००० फूट' लिहिलेली रायफल याच छर्र्याने खरंच तेवढी सुटली, तर ती मर्यादेबाहेर गेली. बहुतेकदा तो आकडा हलक्या छर्र्याचा असतो.

पहिल्यांदा साधी स्प्रिंगची, बॅरल (नळी) बिजागरीवर खाली वाकवून कॉक करायची, म्हणजे स्प्रिंग दाबून तयार ठेवायची, अशी घ्या. १० ज्यूलच्या आसपासची पुरे, कागदावर भोक पाडायला जास्त लागत नाही. पीसीपीला धक्का कमी आणि नेम सोपा, पण २०० बारपर्यंत हवा भरायचा पंप वेगळा घ्यावा लागतो आणि पंप मारता मारता घाम निघतो. स्प्रिंगच्या रायफलीला आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका असतो, त्यात साधी दुर्बीण निकामी होते. म्हणून स्कोप एअर रायफलीसाठीचाच मागा, किंवा सुरुवातीला उघड्या साइटवरच शिका. छर्रा न भरता ट्रिगर ओढू नका, पिस्टनचं सील जातं. बॅरल अशी वाकवलेली असताना तर ट्रिगरजवळ बोटही नको.

कागदासाठी सपाट तोंडाचे छर्रे घ्या, भोक गोल आणि स्पष्ट पडतं. मागे वाळूने भरलेलं पोतं किंवा मातीचा जाड ढीग हवा. दगडी भिंतीवरून छर्रा परत येतो. छर्रे शिशाचे असतात, हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावू नका.

घेताना ओळखपत्र द्यावं लागतं. बिलावर कॅलिबर आणि ज्यूल दोन्ही लिहून घ्या आणि बिल रायफलीच्या पिशवीतच ठेवा. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याकडे फिरायला जाणार असाल तर ती पिशवी घरीच राहू द्या, अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही.