शाळेच्या फाटकापाशी वही घेऊन

सप्रेम नमस्कार ताई,

लेक 29 वर्षांची. हॉटेल मॅनेजमेंट करून तीन वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये काढली, मग शाळेत शिकवायला लागली, तिथून सायकलवाल्यांच्या एका संस्थेत गेली आणि आता सार्वजनिक धोरणात, म्हणजे सरकारी योजना-नियम कसे आखायचे या विषयात, एम. ए. करायचं म्हणते. ‘एक ना धड भाराभर चिंध्या, मुलाखतीत काय सांगणार ही?’ असं तुम्ही विचारलंय.

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता एक गोष्ट लिहिलीत, माझं मन तिथेच अडकलं. शाळेत शिकवत असताना ती आठवडाभर रोज सकाळी फाटकापाशी वही घेऊन उभी राहायची. किती मुलं सायकलने येतात, कुठे खाली उतरून सायकल हाताने ढकलत आणतात, हे टिपायची. जवळजवळ सगळी एकाच वळणावर उतरत होती. तुम्हाला तो रिकामा उद्योग वाटला. ताई, धोरणाचं काम असंच सुरू होतं. ‘मुलं सायकल का वापरत नाहीत’ या मोघम प्रश्नावरून ‘या वळणावर का उतरतात’ इथवर ती कुणी न सांगता पोचली.

ही नजर तिला किचनने दिली असावी. तिथे पदार्थ वाढून झाल्यावर तपासून उपयोग नसतो. शिजवणं, गार करणं, पुन्हा गरम करणं, यांत जिथे बिघडू शकतं तिथेच थर्मामीटर लावतात; 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मधे अन्न फार वेळ राहू देत नाहीत. बिघाडाच्या जागा आधीच हेरून तिथे लक्ष ठेवण्याची ही पद्धत, तिचं नाव हॅसेप (HACCP), 1960च्या दशकात अंतराळवीरांच्या जेवणासाठी बसवली गेली, कारण तिथे आजारी पडून चालणार नव्हतं. रस्त्याचंही तसंच. अपघातानंतर पंचनामा करण्यापेक्षा गाड्या वेगात कुठे येतात ते आधी बघायचं. ताशी 50 किलोमीटरने येणाऱ्या गाडीत 30च्या वेगापेक्षा पावणेतीनपट ऊर्जा असते. हे कंटाळलेल्या समितीला पटवायचं, तर वर्गात मागच्या बाकावरच्या मुलांना शिकवलेलं माणूस कामी येतं.

नेदरलँड्सचे सायकलमार्ग आज सगळे वाखाणतात. पण 1971 साली तिथे रस्त्यांवर 3,000हून अधिक माणसं अपघातांत गेली, त्यांत 400हून अधिक मुलं होती. त्यावर आईवडील रस्त्यावर उतरले, सायकलस्वारांच्या संघटना उभ्या राहिल्या, 1973च्या तेलटंचाईने सरकारही हललं. त्या आईबापांपैकी धोरणाची पदवी कितीजणांकडे असेल?

म्हणजे तुमची काळजी खोटी आहे असं नाही. संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, अंदाजपत्रक वाचणं, हे तिच्याकडे अजून नाही आणि उत्साहावर ते भागत नाही. पदवीनंतर सुरुवातीला तिच्याहून लहान मुलांच्या हाताखाली काम करावं लागेल. आणि एक प्रश्न तिला तुम्ही नाही, मी विचारतो: प्रत्येक नोकरी सोडताना पुढचं काहीतरी खुणावत होतं, की आधीच्याचा कंटाळा आला होता? याचं खरं उत्तर तिचं तिलाच माहीत. कंटाळा असेल, तर धोरणाच्या कामात तो लवकर येतो. एकच मसुदा आठ वेळा फिरतो, सही अडते, अधिकारी बदलला की पहिल्यापासून सुरुवात.

म्हणून प्रवेशाची फी भरण्याआधी सहा महिने घ्या. त्या वळणावर चार पानांचं टिपण तिने लिहावं: अडचण काय, किती मुलांची, उपाय कोणते, प्रत्येकाला खर्च किती, तो कुणाच्या अंदाजपत्रकातून, आणि उपाय लागू पडला हे वर्षभराने कशावरून कळणार. मग ते घेऊन रस्ते विभागाच्या इंजिनिअरला भेटावं. तो बहुधा परत पाठवेल. दुरुस्त करून पुन्हा जावं. तिसऱ्या फेरीलाही ती तेवढ्याच चिकाटीने गेली, तर एम. ए.ला निर्धास्त पाठवा. तोवर पगाराची नोकरी सुरू राहू दे.

मुलाखतीचं उत्तरही त्यातूनच येईल. बायोडेटात तिने तीन नोकऱ्यांचे तीन चौकोन आखलेत, ते पुसून वर एक ओळ लिहायला सांगा: ‘मुलांचं खाणं, शिकणं आणि शाळेत सुखरूप पोचणं, यांवर सात वर्षं काम.’ हॉटेलातली तीन वर्षं या ओळीत ओढूनताणून बसत असतील, तर ओळ तिने तिच्या शब्दांत बदलावी. खोटं काही लिहू नये.

ती वही अजून घरात असेल तर शोधून ठेवा. टिपणाचा पहिला मसुदा झाला की मला पाठवायला सांगा, मी वाचून खुणा करून परत पाठवेन.

तुमचा,
मार्गदर्शक