गादीच्या शिवणीत सापडलेली पापुद्र्यासारखी टरफलं ढेकणाचीच आहेत का, हे कसं ओळखावं?

आधी आकार बघा. ढेकणाची कात म्हणजे हुबेहूब ढेकूणच, फक्त आतून पोकळ: चपटी, लंबगोल, फिकट पिवळसर-तपकिरी, आरपार दिसणारी. भिंगाखाली सहा पाय, मिशा आणि पोटावरचे आडवे पट्टे दिसतात. डोक्यामागे पाठीवर चीर असते, कारण पिल्लू तिथूनच बाहेर पडतं. फुंकर मारली तर उडते, चिमटीत चुरा होतो.

पूर्ण वाढ होईपर्यंत पिल्लू 5 वेळा कात टाकतं आणि दर वेळी आधी रक्त प्यावं लागतं. म्हणून साधारण 1 ते 4 मिमीपर्यंत वेगवेगळ्या मापांच्या काती एकत्र दिसल्या, तर ढेकूण तिथेच वाढलेत असं धरा.

गल्लत बहुतेकदा कार्पेट बीटलच्या (गालिचे, लोकरीचे कपडे खाणाऱ्या छोट्या भुंग्याच्या) अळीच्या कातीशी होते. ती लांबट आणि केसाळ असते. केस दिसले की ढेकूण नाही. झुरळाच्या पिल्लाची कात लांब मिशांची, पायांवर काटे असलेली.

शोधायचं तर टॉर्च तिरपी धरून गादीची किनार, पलंगाच्या खिळ्यांची भोकं आणि लाकडाचे सांधे बघा. जुनं एटीएम कार्ड फटीतून फिरवा, निघेल ते पांढऱ्या कागदावर घ्या. शेजारचे काळे ठिपके ओल्या कापसाने पुसल्यावर तांबूस-तपकिरी पसरले, तर ती ढेकणांची विष्ठा.

नुसती कात म्हणजे जिवंत ढेकूण आहेतच असं नाही, जुनी कात महिनोन्‌महिने टिकते. सगळं व्हॅक्यूमने साफ करा आणि 2-3 आठवडे तीच जागा तपासत राहा. नवी कात दिसली, तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा.