कॉक्स लावण्यापूर्वी
इंग्लंडमधील आपल्या बागेत पहिलेच झाड म्हणून कॉक्सेस ऑरेंज पिपिन लावणार असाल, तर या सफरचंदाची चव जितकी अप्रतिम, तितकेच त्याचे नखरेही फार, हे आधीच ध्यानात घ्यावे. 1825 च्या सुमारास रिचर्ड कॉक्स या निवृत्त बिअर-उत्पादकाने कोलनब्रुक येथे बीपासून वाढवलेल्या या वाणाचे फळ सप्टेंबरअखेरीस उतरवून काही आठवडे ठेवले, की त्याचा सुगंध खुलतो. पक्व फळ कानाशी हलवल्यास आतल्या बिया चक्क खुळखुळतात. परागीभवनासाठी जवळपास जेम्स ग्रीव्हसारख्या, त्याच सुमारास फुलणाऱ्या दुसऱ्या सफरचंद-वाणाचे झाड हवेच. खपली, भुरी आणि कँकर हे रोग त्याला चटकन जडत असल्याने थंड, ओलसर उत्तर भागात ते लावणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.